वही कोण वाचतं?

प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात शेवटचा अर्धा तास 'शंकासमाधान' म्हणून राखलेला असतो. त्या अर्ध्या तासात कुणालाही शंका येत नाही. साक्रीची बस गाठायची असते, हजेरीपत्रकावर सही राहिलेली असते. आणि तेवढ्यात एखाद्यानं हात वर केलाच, तर घंटा झाल्यावर बाईंना गृहपाठाची आठवण करून देणाऱ्या पोराकडे वर्ग जसा बघतो, तसं सगळं सभागृह त्याच्याकडे बघतं. खऱ्या शंका चहाच्या वेळी येतात, कप हातात घेऊन, जरा बाजूला ओढून.

मी सुरुवातीची वर्षं साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, मग अध्यापक विद्यालयात आले, आणि आता धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. चहाच्या वेळी ऐकलेले प्रश्न मला व्याख्यानातल्या विषयांपेक्षा जास्त दिवस पुरतात. त्यातला एक पारोळ्याकडच्या एका सरांचा. "मॅडम, चौथीतला पोरगा निबंधात 'घरमा कोणी नव्हतं' असं लिहितो. दर वेळी. अर्धा गुण कापू का?"

प्रश्न अर्ध्या गुणाचा आहे, पण त्याचं उत्तर कुठल्याही शासन निर्णयात नाही.

'घरमा', 'शाळामा', 'शेतमा' हे अहिराणीतलं सप्तमीचं रूप. पोरगा चुकत नाही; घरच्या व्याकरणाशी तो पूर्ण प्रामाणिक आहे आणि दर वेळी तसंच लिहितो, म्हणजे नियम पाळतो. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी 'घरत' लिहिते. तिचा काना राहिला. अर्ध्या गुणाच्या हिशेबात दोघं सारखे, आणि शिकवण्याच्या हिशेबात दोघांना द्यायचं औषध वेगळं. मुलीला कान्याचा सराव हवा. पोराला हे कळायला हवं की आपण घरी एक बोलतो आणि पुस्तक दुसरं लिहितं, आणि दोन्ही बरोबर असू शकतं. यावल-रावेर-भुसावळकडच्या लेवा बोलीत 'ळ' चा 'य' होतो, फळ्याचा 'फया' होतो आणि काळ्याचा 'काया'. तिथल्या मुलानं 'काया घोडा' लिहिलं तर त्याखाली लाल रेघ मारणारी बाई स्वतः मधल्या सुट्टीत फोनवर आईशी तसंच बोलत असते.

मी त्या सरांना सांगितलं, कापू नका. फळ्यावर दोन रकाने पाडा: 'आपण म्हणतो' आणि 'पुस्तकात लिहितात'. मुलंच भरतील, हसतील, भांडतीलही. सर म्हणाले, "ते करतोच मॅडम. पण दहावीचा परीक्षक हे रकाने बघायला येणार नाही." हे खरं आहे. नाशिक विभागीय मंडळाची उत्तरपत्रिका ज्याच्या हाती पडते त्याला पोराचं गाव ठाऊक नसतं, आणि नसावंच. म्हणजे चौथी ते दहावी यांच्यामध्ये कुठेतरी कुणीतरी गुण कापायला सुरुवात करायची आहे, आणि ती कुणी, कधी, हे कुणी ठरवलेलं नाही. प्रत्येक शिक्षक आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवतो. कडक बाई तिसरीतच कापतात, मवाळ सर आठवीपर्यंत सोडतात, आणि पोराला एवढंच कळतं की मराठीचे गुण बाईंच्या मूडवर असतात. माझं मत विचाराल तर पाचवीपर्यंत बोलीच्या रूपाला गुण कापू नये, सहावीपासून खूण करून दाखवावी, आठवीपासून कापावे, आणि हे शाळेतल्या सगळ्यांनी मिळून ठरवून पालकांना सांगावं. हे माझं मत आहे, आदेश नव्हे. पण असा काहीतरी ठराव शाळेच्या बैठकीत झालेला मी क्वचितच पाहिला आहे. बैठकीत पोषण आहाराच्या तांदळाचा साठा आणि आधार जुळणी हे विषय आधी येतात.

सातपुड्याच्या पायथ्याला हा पेच आणखी वळणं घेतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या पाड्यांवर घरी पावरी बोलली जाते. त्या मुलांच्या कानाला अहिराणी म्हणजे बाजाराची भाषा, आणि पुस्तकातली मराठी तिसरी. अहिराणी घरातून आलेल्या शिक्षकाला 'घरमा' समजतं. पावरा मुलाचं गप्प बसणं समजत नाही. तिथे एक गोष्ट हमखास दिसते: मूल फळ्यावरचं इतकं सुबक उतरवून घेतं की वही प्रदर्शनात ठेवावी, आणि त्याच पानावर बोट ठेवून 'वाच' म्हटलं की नजर खाली जाते. हात शिकलेला असतो, वाचन व्हायचंच असतं. वही तपासणाऱ्याला ती वही उत्तम वाटते.

गणितातही भाषा आड येते. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून उठलेला गदारोळ आठवत असेल. पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' असं वाचायची मुभा दिली म्हणून विधानसभेपर्यंत चर्चा गेली, विनोद झाले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत राहिल्या: बोलताना आधी पाच येतात आणि लिहिताना आधी दोन, म्हणून मुलं ५२ लिहितात. दुसरीला शिकवलेल्या कुठल्याही बाईला हे नव्यानं सांगावं लागलं नसतं. पण त्या महिन्यात पालक शाळेच्या दारात उभे राहून विचारत होते, "बाई, तुम्ही पोरांना वीस पाच शिकवणार का?" आणि बाई काय म्हणणार? चर्चा करणाऱ्यांनी चर्चा केली, उत्तर द्यायला त्या एकट्या.

आता मूल्यमापनाकडे येते, कारण वहीचा खरा प्रतिस्पर्धी तिथेच उभा आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना फार चांगली होती आणि अजूनही मी तिच्या बाजूची आहे. मुलाला वर्षातून दोनदा तराजूत टाकण्याऐवजी रोज बघा. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणाचे, ७० आणि संकलित, म्हणजे सत्राच्या परीक्षेचे, ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल लहान असेल तितकं पेपरापेक्षा बाईच्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवा, असं त्या आकड्यांत सरकारनं लिहून दिलं होतं. शिक्षकावर एवढा भरवसा आपल्याकडे कागदावर फार वेळा टाकलेला नाही.

पण भरवसा टाकला की पुरावा मागायचा, ही आपली रीत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी आठ साधनं. शिवाय प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद, सत्रातून एकदा. तिसरीचा तीस मुलांचा वर्ग धरा. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण असे सात विषय. दोन सत्रांच्या ४२० नोंदी होतात. त्याखाली पुन्हा 'विशेष प्रगती', 'आवड-छंद' आणि 'सुधारणा आवश्यक'. हे तीसच मुलांचं गणित. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकाकडे असतात.

मग बाजार धावून आला. वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानात मिळू लागल्या. पुढे त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरल्या. 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो.' 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' 'गटकार्यात सहभाग घेते.' जळगावच्या पोरालाही तेच, गडचिरोलीच्या पोरीलाही तेच. शिक्षकांना यावरून नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही. ज्या नोंदीला वाचणारा कुणी नाही ती नोंद माणूस मन लावून कशी लिहील? आई-बापाला प्रगतिपुस्तकात अ-२ दिसतं. मुलाला काहीच दिसत नाही. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाकडे नोंदवही जाते ती कपाटाच्या किल्लीसोबत, आणि ती उघडणारा मी विरळाच पाहिला. उरला तपासणीला येणारा अधिकारी. तो ४२० नोंदी वाचत नाही. रकाने भरलेत ना, एवढं बघतो, कारण त्यालाही वर आकडाच कळवायचा असतो. लेखनाचं असं आहे की ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्यासारखं ते होतं. रकाना बघणाऱ्यासाठी लिहिलं की रकाना भरतो.

खरा वाचक कसा विचारतो ते मला धुळे तालुक्यातल्या एका आजीबाईंनी दाखवलं. नातवाचं प्रगतिपुस्तक गुरुजींच्या हातात परत देत त्या म्हणाल्या, "गुर्जी, ते ऱ्हाऊ द्या. मना नातूले वाचता येस का नही, तेवढं सांगा." गुरुजी घुटमळले. मराठीत ब-१ होता. ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के. पण त्यात तोंडी काम होतं, प्रकल्प होता, वहीचं टापटीप आवरण होतं, आणि यातून वाचता येतं की नाही ते काही निघत नव्हतं.

'असर'च्या सर्वेक्षणानं २००५ पासून देशभर आजीबाईंचाच प्रश्न विचारला: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, मूल कुठे थांबतं? इतकी साधी कसोटी, आणि तिनं इतक्या जणांची झोप उडवली. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, पायाभूत चाचण्या आल्या, शाळा 'प्रगत' ठरवायचा कार्यक्रम आला. हेतू आजीबाईंचाच. पण प्रश्न वरून खाली यायला लागला की त्याचं उत्तर खालून वर जाताना बदलतं. केंद्रातल्या बाकी शाळा प्रगत झाल्या आणि तुमची राहिली, तर भेटी वाढतात, खुलासा द्यावा लागतो, तालुक्याच्या बैठकीत उभं केलं जातं. सात मुलांना वाचता येत नाही असं खरं लिहिणाऱ्या शिक्षकाला मदत म्हणून मिळतो तो आणखी एक तक्ता. दुसऱ्या वर्षी तो काय लिहील ते मी सांगायला नको. एका तरुण शिक्षिकेनं मला विचारलं होतं, "मॅडम, खरं लिहिलं की त्रास आणि खोटं लिहिलं की शाबासकी, मग नवीन माणसानं काय करायचं?" मी तिला म्हटलं, खरा आकडा स्वतःच्या डायरीत तरी लिही, तो हरवू देऊ नकोस. हे काही बाणेदार उत्तर नाही. पण तिचं वेतन, तिची बदली, तिचं लेकरू हे सगळं तिच्यापाशी आहे, माझ्यापाशी नाही, आणि दुसऱ्याच्या नोकरीवर आपण बाणेदारपणा करू नये.

पद्धतींचंही असंच झालं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी रचनावादी वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून गाड्या भरून शिक्षक बघायला गेले. खान्देशातूनही गेले. परत आल्यावर फरशा रंगल्या: गोल, चौकट, स्वरचिन्हं, सापशिडी. त्याच सुमारास धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांच्या पुढाकारानं लोकवर्गणीतून डिजिटल वर्गांची मोठी मोहीम झाली. ज्या गावांनी शाळेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांनी शाळेसाठी पैसे काढले, ही लहान गोष्ट नव्हती. दोन्हींतून चांगलं शिकवणारे आणखी चांगले झाले. बाकी ठिकाणी फरशीचा रंग उडाला आणि टीव्ही वीजबिलाची वाट बघत बसला. कुमठ्याला खरी गोष्ट होती मुलाचं ऐकत शिकवण्याची, आणि तिचा फोटो निघत नाही. रंगवलेल्या फरशीचा निघतो. उपक्रमाचा फोटो गटावर टाकायचा असतो; बाई वही घेऊन शेजारी बसली आहे आणि पोरीला विचारते आहे 'हे तू असं का केलंस?', याचा फोटो कोण मागतो? मागितला आणि बाईनं काढला, तर विचारणं तिथेच थांबेल.

माध्यमिकची मंडळी हे ऐकून गालात हसतात. त्यांच्याकडे पेच आकड्यात येतो: वीस गुण.

दहावीला शंभरातले ऐंशी लेखी आणि वीस शाळेच्या हातात. २०१९ च्या परीक्षेला भाषांचे तोंडी गुण बंद केले. २०१८ चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ चा ७७.१० वर आला. आदळआपट झाली, अकरावीला इतर मंडळांची मुलं पुढे जातील म्हणून ओरड झाली, आणि गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. अभ्यासक्रम बदलल्याचा परिणाम होता, २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे सगळं जमेस धरलं तरी वीस गुणांचं वजन लपत नाही. २०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत परीक्षांचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, सगळं शाळेकडून. निकाल ९९.९५ टक्के. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना मुलांना नापास करायची पूर्ण मोकळीक एकदाच मिळाली आणि त्यांनी ती वापरली नाही. त्या वर्षी मुलांनी जे भोगलं ते पाहता मला त्यात काही गैर वाटत नाही. पण एरवीच्या वर्षांचं काय?

अमळनेर-एरंडोल रस्त्यावरच्या एका शाळेतले इंग्रजीचे सर मला म्हणाले, "मी खरे दिले तर पोराला वीसपैकी अकरा बसतात. पलीकडच्या गावात सगळ्यांना अठरा-एकोणीस. माझा प्रामाणिकपणा माझ्या पोराच्या खिशातून जातो." या वाक्यावर मला आजवर प्रत्युत्तर सुचलेलं नाही. सगळ्यांनी एकदम प्रामाणिक व्हावं असं म्हणता येतं, पण आधी कुणी व्हायचं, आणि ज्याचं पोर आहे त्यानं का? म्हणून मी त्यांना अकरा द्या असं म्हणत नाही. मी म्हणते, द्या एकोणीस, पण त्या एकोणिसांच्या बदल्यात काहीतरी करून घ्या. वर्गासमोर पाच मिनिटं बोलणं, पाठातल्या उताऱ्यावर दोन प्रश्नांना तोंडी उत्तर, एक पत्र स्वतःच्या हातानं. बहुतेक ठिकाणी तोंडी परीक्षा गुणपत्रकावरच होते, मुलाच्या तोंडून नव्हे. ती एकदा तोंडून होऊ द्या. गुण फुगलेले राहतील, पण मूल इंग्रजीत पाच वाक्यं बोललेलं असेल. मूल्यमापनशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही, ते मला ठाऊक आहे.

आणि मग वेळ. शिक्षकांच्या वेळेवर गावात दोनच मतं असतात: 'यांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या' आणि 'बिचाऱ्यांना शिकवू कुठे देतात'. दोन्ही मतं बोलणाऱ्यांनी कायदा वाचलेला नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास, सहा दिवसांच्या आठवड्याला २४. त्याच परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा म्हटला आहे, तयारीचे तास धरून. कायदा करणाऱ्यांनी मधले २१ तास पाठाची तयारी, वह्या वाचणं, मुलाला बाजूला घेऊन बसणं यासाठी मोकळे ठेवले होते. शिक्षणाचा निम्मा भाग वर्ग सुटल्यावर होतो, हे त्यांना कळत होतं.

हे २१ तास कुठे गेले? कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीत मतदार यादी आली, यादीबरोबर केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं म्हणजे बीएलओचं काम आलं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये शिक्षकांच्या बाजूनं म्हणून असं सांगितलं की ही यादीची कामं सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापन नसलेल्या वेळेत करून घ्यावीत. निकाल चांगल्या मनानं दिलेला आहे. पण 'अध्यापन नसलेला वेळ' म्हणजे नेमका तोच वेळ, जेव्हा वही वाचायची असते. शिक्षक फळ्यासमोर उभा असेल तेवढाच शिक्षक, ही समजूत न्यायालयापासून सरपंचापर्यंत सगळ्यांची एकच. मग त्या रिकाम्या दिसणाऱ्या वेळात यू-डायसची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरीचा चॅटबॉट, चाचणीचे प्रश्ननिहाय गुण, असं एकेक येऊन बसतं. कुठलंही एक काम मोठं नसतं, हीच अडचण. दहा मिनिटांच्या कामाविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. 'आम्हाला शिकवू द्या' असे फलक घेऊन शिक्षक रस्त्यावर आले, कामांची शैक्षणिक-अशैक्षणिक अशी वर्गवारी शासनानं करून दिली. वर्गवारी झाली तरी फोन वाजायचा थांबला नाही.

साठापर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. त्यातला एक तालुक्याला बैठकीला गेला की दुसऱ्यासमोर पाच इयत्ता. अशा दिवशी काय शिकवायचं यावर मी कधी प्रशिक्षण घेतलेलं नाही आणि कुणी घेतलेलं ऐकलं नाही, आणि असे दिवस थोडे नसतात.

२०२५ चा एप्रिल शिक्षक विसरणार नाहीत. पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मेला लावायचा. एप्रिलच्या शेवटी जळगाव-भुसावळचा पारा ४३-४४ ला टेकलेला असतो. आमच्याकडे तोवर परीक्षा उरकून शाळा सकाळची झालेली असते आणि पोरं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तयारीला लागलेली असतात. पुण्यात बसून काढलेल्या वेळापत्रकाला खान्देशचं ऊन लागत नाही. पाच दिवसांत पेपर तपासा, गुण भरा, श्रेणी काढा, नोंदी लिहा, प्रगतिपुस्तकं तयार करा. कुणी म्हणेल, पाच दिवस पुष्कळ झाले. हिशेब करा. माध्यमिकच्या एका शिक्षकाकडे साठ-साठच्या चार तुकड्या म्हणजे २४० उत्तरपत्रिका. एकीला नुसती पाच मिनिटं दिली तरी वीस तास. वर्षभरातल्या वह्यांना दोन-दोन मिनिटं दिली तरी एका फेरीला आठ तास लागतात, म्हणजे शाळेचा एक पूर्ण दिवस आणि वर थोडं.

म्हणूनच वही तपासणं हे सही करणं झालं. लाल शाई, बरोबरची खूण, तारीख. मुख्याध्यापक प्रत्येक पानावर तारीख आहे का ते बघतात, पालकही तेच बघतात. एखाद्या बाईनं ठरवलं की रोज पाचच वह्या घेईन पण नीट वाचेन, तर महिन्याअखेर बाकीच्या पानांवर तारीख नसते आणि ती बाई 'वह्या न तपासणारी' ठरते. तरी मी हेच सांगते: पाच वाचा. चूक सुधारून देऊ नका, चुकीखाली टिंब द्या, मूल शोधू दे. आणि मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणात दर वेळी सांगते की तारखा मोजू नका. ते मान डोलावतात.

वही वाचायला मूल हजर लागतं, हे शहरातल्या शिक्षणतज्ज्ञांच्या ध्यानात राहत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला येतो आणि वर्ग अर्धा होतो. साक्री, धुळे, चाळीसगावकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हंगामी वसतिगृह असेल तर काही मुलं मागे राहतात. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा पाड्यावरची शाळा उघडी ठेवणं हे नुसतं कुलूप काढणं असतं. आखाजीला सालदाराचं साल संपतं, कुटुंब दुसऱ्या शेतावर जातं आणि पोराची शाळा बदलते, कधी दाखल्यासह, कधी तशीच. अशा मुलाचं 'सातत्यपूर्ण' मूल्यमापन कसं करायचं? नोंदवहीत चार महिन्यांचे रकाने रिकामे ठेवायची सोय नाही. शिक्षक ते भरतो. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली; नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही राहिलं तर त्याच वर्गात. ढकलपास बंद झालं म्हणून पुष्कळांना बरं वाटलं. मला त्या पुनर्परीक्षेच्या यादीत कोण असतं ते बघायची सवय आहे. बहुधा तेच, जे कोयत्यामागे गेलं होतं. त्याला थांबवायचं की पुढे पाठवायचं? थांबवलं तर मोठ्ठं होऊन लहानांत बसतं आणि एक दिवस येईनासं होतं. पाठवलं तर सहावीत बाकावर गप्प बसतं. जे शिक्षक याचं ठाम उत्तर देतात त्यांच्याशी माझं पटत नाही, दोन्ही बाजूंच्या.

इथे कुणीतरी साने गुरुजींचं नाव काढतंच. शिक्षक दिनाच्या भाषणात तर हमखास, आणि पुष्कळदा त्याच तोंडून, ज्यानं सकाळी तातडीची माहिती मागवलेली असते. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि मग सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. सहा वर्षं. आजचा शिक्षक तीस-बत्तीस वर्षं काढतो, घर-संसार सांभाळून. त्याच्यापुढे गुरुजींचा त्याग धरणं मला बरोबर वाटत नाही. पण त्यांच्या त्या सहा वर्षांतली एक गोष्ट मी शिक्षकांना आवर्जून सांगते. वसतिगृहाचं काम बघताना ते 'छात्रालय दैनिक' हातानं लिहून काढत. मुलांविषयी आणि मुलांसाठी लिहिलेलं, आणि मुलं ते वाचत. त्यात रकाने नव्हते, पण त्याला वाचक होते, आणि तेही ज्यांच्याविषयी लिहिलं तेच. आपल्या ४२० नोंदींतली एकही नोंद ज्या मुलाची आहे त्याला कधी वाचून दाखवली जाते का, असं मी विचारते. सभागृहात चुळबुळ होते. एकदा एक सर उठून म्हणाले, "वाचून दाखवायची ठरली तर मॅडम, तशी लिहिता येणार नाही." मी म्हटलं, बघा प्रयत्न करून. मुलाला वाचून दाखवायची नोंद म्हणजे 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' नव्हे. 'तुझ्या गोष्टीतला बैल पळाला तो भाग मला आवडला, पण तो परत कसा आला ते तू सांगितलंच नाहीस', ही नोंद. तीस मुलांना महिन्यातून एक. बाकीचं व्हॉट्सॲपवरून उतरवा, माझी हरकत नाही.

अलीकडे काही केंद्रांत मी एक गोष्ट करून पाहते. महिन्याच्या शिक्षण परिषदेला मला बोलावलं तर आधी निरोप पाठवते की फाइल आणू नका, ज्या मुलाचा तुम्हाला निर्णय होत नाही त्याची वही आणा. नाव झाकलेलं. वह्या मध्ये ठेवतो आणि वाचतो. पहिल्यांदा सगळे अवघडतात, कारण वहीबरोबर बाईंची लाल शाईही उघडी पडते. मग कुणीतरी म्हणतं, "हा माझ्याकडेही असाच लिहितो," आणि गाडी सुरू होते.

चोपड्याकडच्या अशाच एका बैठकीत पाचवीतल्या पावरा मुलीची वही आली होती. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं. शेवटच्या पानावर मात्र तिनं स्वतःहून चार ओळी लिहिल्या होत्या, वाकड्या, अर्ध्या शब्दांच्या, पण शेळी हरवल्याची हकीकत त्यातून कळत होती. श्रेणी काय द्यायची यावर जुंपली. एक सर म्हणाले क-२, कारण वाचन नाही. दुसरे म्हणाले ब-२, वही बघा ना. तिच्या वर्गशिक्षिका बराच वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "श्रेणी कोणतीही द्या, पण त्या चार ओळी कुठल्या रकान्यात बसवू ते सांगा." केंद्रप्रमुखांनी आठही साधनांची नावं पुन्हा एकदा वाचली. 'इतर'मध्ये टाका, असं ठरत होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आणि शेळी सापडली का?" बाईंनी तिला विचारलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तीच वही परत आणायची असं ठरलं, आणि कार्यवृत्तात ते कसं लिहायचं यावर नवा वाद सुरू झाला.